एकच चाक काऊन फिरलं

१

कोकिळा मेली ती नाल्यात रुतलेल्या मोटारीत, सासूच्या मांडीवर डोकं ठेवून, भर दुपारी. घरीच बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, ती धडधाकट होती, पण आईचं रक्त थांबत नव्हतं. निरोप मिळताच डॉक्टर सिंधूताईंनी मोताळ्याहून आपली गाडी पाठवली आणि दवाखान्यात सगळी तयारी करून त्या दारात उभ्या राहिल्या. गाडी परत आली ती दिवस कलल्यावर, बैलांनी ओढलेली.

साल सहासष्ट. पोळ्यानंतर पावसानं जी दडी मारली होती ती दसऱ्याच्या तोंडावर सोडली, आणि सोडली ती नेमकी त्या दुपारी. गाडी कोरड्या नाल्यातून खेड्यात गेली. बाईला गाडीत घेईपर्यंत ढग फुटला, आणि परतताना त्याच नाल्यात काळ्या मातीचं लोणी झालं होतं.

गावाला कारण शोधायला वेळ लागला नाही. ड्रायव्हर पंजाबराव प्यायलेला होता. पंचनाम्याला आलेल्या जमादारानं गाडीत वास घेतला आणि मान हलवली. दारूबंदीच्या त्या दिवसांत एवढी मान हलवणं पुरेसं होतं. पंजाबराव कोठडीत गेला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी दवाखान्यासमोर उभ्या असलेल्या गाडीच्या काचा फोडल्या. काच फोडणाऱ्यांपैकी एकानंही कोकिळेच्या सासूला जाऊन विचारलं नव्हतं की बाई, नेमकं झालं काय.

सिंधूताईंनी गाडी विकायचं ठरवलं. त्या गाडीत आता कोणी बाई बसणार नव्हती. गिऱ्हाईकही लगेच उभं राहिलं. कापसाच्या जिनिंगचे मालक अर्जुनराव स्वतः येऊन म्हणाले, "बाई, ही अशुभ गाडी दारात ठेवू नका. मी भंगाराच्या भावानं घेतो, तुमच्या डोळ्यांसमोरून नेतो." सगळ्यांना तो मोठेपणा वाटला. सिंधूताईंनाही वाटला असता, पण गाडीच्या पैशातून कोकिळेच्या मुलीसाठी काही करायचं त्यांच्या मनात होतं. म्हणून त्यांनी अकोल्याहून वामनराव देशकरांना बोलावलं.

वामनराव विमा कंपन्यांसाठी आणि कोर्टासाठी मोटारींच्या किमती ठरवत. अंगानं स्थूल, स्वभावानं तापट. न पाहता बोलणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग यायचा, आणि धंदा असा की दिवसभर तीच माणसं भेटायची.

गाडी म्हणजे जुनी विलीज वॅगन, जीपच्या जातीची बंद गाडी. एका धरणाच्या कामावरची परदेशी मंडळी परत गेली तेव्हा लिलावात निघालेली. अशा दोन होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. एक सिंधूताईंनी घेतली, दुसरी अर्जुनरावांनी.

"दोन्ही सारख्या दिसत होत्या," सिंधूताई म्हणाल्या, "पण तिथल्या इंजिनियरनं मला ही घ्यायला सांगितली. म्हणाला, हिच्या मागच्या आसात वेगळा डिफरन्शियल आहे. तुमच्या काळ्या मातीत उपयोगी पडेल."

वामनराव गाडीखाली वाकले. आसाच्या मधल्या फुगीर भागावर पितळी पट्टी होती. वेगळ्या डिफरन्शियलची, त्याला खास तेलच घालावं अशा सूचनेची.

"खरं आहे," ते म्हणाले. "साध्या गाडीचं एक चाक चिखलात सापडलं की इंजिनाची सगळी ताकद त्याच चाकात जाते. ते जागच्या जागी गरगर फिरतं आणि दुसरं, कोरड्यावर असलं तरी, ढिम्म उभं राहतं. या डिफरन्शियलच्या गोळ्यात पकडीच्या चकत्या असतात. त्या एका चाकाला एकट्यानं उधळू देत नाहीत. दोन्ही चाकं ओढतात."

"मग याची किंमत किती धरायची?"

"डांबरी रस्त्यावरचं गिऱ्हाईक याला काही देणार नाही, बाई. त्याला कळणारही नाही. इथल्या वाटांवर मात्र यानं काय काय पार केलं ते तुम्ही सांगा, मग ठरवू."

"तीन पावसाळे गाडी एकदाही रुतली नाही," सिंधूताई म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. मग त्या दुपारीच कशी रुतली, तेच समजत नव्हतं.

वामनरावांनी मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलायला लावली, गियर मोकळा ठेवला आणि डावं चाक हातानं पुढं फिरवलं. पकडीचा गोळा असता तर उजवं चाक त्याच्याबरोबर पुढं फिरलं असतं. उजवं चाक उलटं, मागं फिरलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा मागं.

ते हात पुसत उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"बाई, पट्टी या गाडीची आहे. आतला गोळा या गाडीचा नाही. कोणीतरी काढून नेलाय आणि साधा बसवलाय."

२

या शोधानं पंजाबरावची सुटका होईल असं वामनरावांना वाटलं होतं. झालं उलटंच. जमादार खुर्चीत रेलून म्हणाला, "पाहा म्हणजे. दारूले पैसे कुठून येतात? ड्रायव्हरनंच विकला पुर्जा. आता चोरीचंही कलम लावतो."

"तुम्ही चौकशी केलीत का?"

"चौकशी काय करायची त्यात? गाडी कोणाच्या हातात राह्यते?"

वामनरावांना सुचलेलं उत्तर सरकारी माणसाला देण्यासारखं नव्हतं. आपल्याच हातानं त्या माणसाच्या गळ्यात आणखी एक धोंडा बांधला, या विचारानं ते धुमसत कोठडीकडे गेले.

पंजाबराव चाळिशीचा, खंगलेला. माणूस आलेला पाहूनही तो उठला नाही. बाहेर त्याची बायको जनकाबाई भाकरीचं फडकं घेऊन बसली होती. ती वामनरावांना म्हणाली, "साहेब, यांनी माळ घातली हाय. दारू राहू द्या, कांदासुद्धा खात नाईत. पन ऐकते कोन?"

वामनराव गजांजवळ बसले. "पंजाबराव, गाडी रुतली तेव्हा काय झालं ते सांगा. दारूचं नका सांगू. गाडीचं सांगा."

तो सरकून गजांजवळ आला. मग म्हणाला, "एकच चाक काऊन फिरलं, ते मले समजून नाई राह्यलं."

"कोणतं?"

"डावं. म्या उतरून पाह्यलं. डावं खड्डा करून राह्यलं होतं अन् उजवं जागचं हललं नव्हतं. असं या गाडीचं कधी झालं नाई, साहेब. दोन्ही फिरतात तिची. म्या पुन्हा बसलो, पुन्हा रेटलं. पुन्हा एकच. मागं ती बाई कन्हत होती."

"पोळ्यापासून गाडी कुठं मुक्कामी राहिली होती?"

"मलकापूरले, शेषराव मिस्त्रीच्या गॅरेजात. ब्रेकचे लायनर बदलाचे होते. मिस्त्री म्हणे, उद्या ये. म्या सकाळी जाऊन आनली. त्याच्यानंतर पाऊस कुठं होता? कोरड्या सडकेवर काय समजते?"

ते बरोबर होतं. कोरड्या सडकेवर काहीच समजत नाही. पण जमादार म्हणेल, ही त्यानंच रचलेली गोष्ट आहे. पंजाबरावच्या शब्दाला त्याच्या स्वतःच्या शब्दाशिवाय आधार नव्हता.

वामनरावांनी जनकाबाईला विचारलं, "गाडीत आणखी कोण होतं?"

"कोकिळेचा नवरा निवृत्ती बैल आनाले पळाला होता. सासू होती, रुक्मिनीबाई. तिच्याकडं कोनी गेलंच नाई."

३

रुक्मिणीबाईचं घर खेड्याच्या टोकाला होतं. ओसरीत नातीला पायावर घेऊन ती बसली होती. निवृत्ती खांबाला टेकून उभा होता, दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. मोटारीचं नाव निघताच त्यानं तोंड फिरवलं.

"बाई, पंजाबरावच्या तोंडाला दारूचा वास होता का?" वामनरावांनी विचारलं.

"तोंडाले कायचा? बाटली फुटली ना," रुक्मिणीबाई म्हणाली. "डॉक्टरीनबाईनं पेटी देल्ली होती, त्याच्यात सुई धुवाच्या स्पिरिटाची बाटली होती. गाडी नाल्यात आदळली तवा फुटली. माझ्या लुगड्यावरच सांडली सारी. माह्याही अंगाले तोच वास होता. जमादारानं मले नाई पकडलं."

वामनराव पुढं सरकले. "हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"मले कोनी इचारलं? जमादार आला, यानं वास घेतला, त्यानं लिव्हलं, अन् गेले. मी तिथंच बसून होती. माह्या मांडीवर माही सून मेलेली होती अन् मले कोनी एक शबूद इचारला नाई."

तिचा आवाज चढला नव्हता. नात पायावर हलत होती, तिला ती थोपटत होती.

"नाल्याशी आल्यावर पंजाबराव काय म्हणाला?"

"मी म्हटलं, बाबा, चिखल झाला, बाईले उतरून पलीकडं नेऊ का. तो म्हने, मावशी, उतरू नका, तिले हलवू नका. ही गाडी जाते. आपली गाडी कुठंबी जाते. अन् मंग रुतली. तो उतरला, चाकाकडं पाह्यलं अन् डोक्यालेच हात लावला. म्हने, एकच काऊन फिरून राह्यलं, दोन्ही काऊन नाई. लहान लेकरासारखा इचारून राह्यला होता."

वामनरावांनी मान डोलावली. इतक्या वेळात प्रथमच त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. ज्यानं स्वतः गोळा विकला तो माणूस, मरणाच्या दारातली बाई मागं असताना, गाडीवर एवढा भरवसा ठेवून नाल्यात घालणार नाही. आणि एक चाक फिरतं पाहून चकित तर मुळीच होणार नाही. पंजाबरावला माहीत नव्हतं. म्हणजे काढणारा दुसरा होता.

"मग निवृत्ती बैल आणायला गेला. आणि पंजाबराव?"

"तोही पळाला, दुसऱ्या अंगाच्या मळ्यात, बैलच आनाले. आमी दोघीच होतो. तवा..." ती थांबली. तिनं मुलाकडे पाहिलं. निवृत्तीनं पहिल्यांदाच मान वर केली आणि बारीकशी हलवली.

"तेव्हा काय, बाई?"

"काई नाई," रुक्मिणीबाई म्हणाली. "तवा ती पानी मागत होती."

४

परतताना वामनराव नाल्यात उतरले. सिंधूताईही सोबत होत्या. पावसानंतर चांगलं ऊन पडलं होतं आणि काळी माती विटेसारखी वाळली होती. त्या दुपारी जे घडलं त्याचा ठसा तिच्यात जसाच्या तसा राहिला होता.

गाडी कुठं रुतली ते लगेच दिसलं. डाव्या चाकाखाली कोपरभर खोल खड्डा. उजव्या चाकाच्या जागी टायरची नक्षी स्पष्ट उमटलेली, घासल्याची खूण नाही. पंजाबरावनं सांगितलं होतं तसंच.

"म्हणजे गोळा आधीच गेलेला होता," सिंधूताई म्हणाल्या. "नंतर दवाखान्यासमोरून नाही गेला."

"हो. आणि हे पाहा."

रुतलेल्या जागेला बाभळीच्या बाजूनं वळसा घालून आणखी एका मोटारीची चाकोरी गेली होती. तितक्याच चिखलातून. पण तिच्या मागच्या दोन्ही चाकांनी माती सारखीच ओरबाडली होती, डावीकडं जेवढी तेवढीच उजवीकडं, आणि गाडी वर चढून गेली होती.

सिंधूताई खाली बसल्या. त्यांनी बोटानं ती चाकोरी दाखवली. तिच्यावर बैलांच्या खुरांचे ठसे उमटलेले होते. ठसे वर, चाकोरी खाली.

"वामनराव, बैल आले त्याच्या आधी ही गाडी इथून गेली."

"आणि तुमची गाडी रुतल्यानंतर. नाहीतर वळसा कशाला घालील?"

बैल येईपर्यंत कोकिळा जिवंत होती की नाही ते सिंधूताईंना नेमकं माहीत नव्हतं. पण ही गाडी गेली तेव्हा ती जिवंत असू शकत होती, हे त्यांना त्या मातीत वाचता येत होतं. त्या उठल्या आणि चाकोरीच्या कडेनं वरपर्यंत चालत गेल्या.

मलकापूरला शेषराव मिस्त्री टायरचं पंक्चर काढत बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. "म्या फक्त लायनर बदलले. मागं हात लावला नाई. गाडी रात्रभर आवारात होती, आवाराले फाटक नाई. कोनी काय केलं, मले काय ठाऊक?"

"आसाच्या झाकणाचे बोल्ट एकाही ठिकाणी खरचटलेले नाहीत," वामनराव म्हणाले. "अंधारात, उघड्या आवारात, चोरानं इतक्या सफाईनं गोळा काढून दुसरा बसवला? आणि नेमक्या मापाचा दुसरा सोबत घेऊन आला?"

शेषरावचा पंक्चरवरचा हात थांबला. "साहेब, तुम्ही किंमत कराले आले ना? किंमत करा अन् जा."

५

नेमक्या मापाचा दुसरा गोळा त्या अख्ख्या टापूत एकाच गाडीत होता, आणि ती कोणाची हे वामनरावांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि दाखवून देणं यांत फरक आहे. अर्जुनरावांच्या आवारात ते गिऱ्हाईकाला भेटायला म्हणूनच गेले.

अर्जुनरावांनी चहा मागवला. आवारात कापसाची पहिली बोंदरी, मोठाली पोती, येऊन पडली होती. या भागात पावसापाण्यात आधी पोहोचणाऱ्याला कापूस आधी मिळतो, आणि अर्जुनरावांना आधी मिळत होता.

"कोकिळेच्या तेराव्याचा खर्च मीच उचललाय," ते म्हणाले. "गरीब माणसं. त्या पंजाबरावले मात्र सोडू नये. असे लोक सुटले तर उद्या कोणीही दारू पिऊन गाडी चालवीन."

"गाडीतच काही दोष असेल, असं नाही वाटत?"

"दोष?" अर्जुनराव हसले. "माझी गाडी अन् बाईंची गाडी जुळ्या आहेत. त्याच दिवशी, त्याच चिखलातून माझी निघाली. मग त्याची काऊन नाही निघाली? गाडी तीच, चिखल तोच. फरक माणसात आहे. मी पीत नाही."

वामनरावांनी कप खाली ठेवला. त्यांना तो फेकावासा वाटत होता. समोरचा माणूस स्वतःच्या तोंडानं सांगत होता की तो त्या दुपारी, पाऊस पडून गेल्यावर, त्या नाल्यातून गेला, आणि हे तो दुसऱ्याला फासावर चढवण्यासाठी सांगत होता.

"चला, तुम्हाले दवाखान्यापर्यंत सोडतो," अर्जुनराव म्हणाले.

त्यांनी स्वतः गाडी चालवली. आवाराच्या फाटकाशी आखूड वळण होतं. गाडी वळताना मागून घर्र घर्र असा आवाज आला आणि आस दचके देऊ लागला, जणू मागची चाकं एकमेकांशी भांडत होती. सरळ रस्त्यावर आवाज थांबला. दवाखान्यापाशी वळताना पुन्हा तेच.

"हे काय होतंय?"

"अलीकडं करते असं. जुनी झाली."

"मिस्त्रीला दाखवलं नाही?"

"शेषराव म्हणे, तेल नवं टाकलं, तरीही जाईना. चालायचंच."

वामनराव उतरले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात उभे राहिले. मग सिंधूताईंना म्हणाले, "त्याला उद्या बोलवा. म्हणावं, किंमत ठरली, तुमचा मिस्त्री घेऊन या आणि गाडी घेऊन जा. जमादारालाही बोलवा. आणि रुक्मिणीबाईला मी स्वतः आणतो. ती येईल की नाही, मला सांगता येत नाही."

६

बाजाराचा दिवस होता. दवाखान्याच्या आवारात दोन्ही वॅगन शेजारी उभ्या राहिल्या आणि बघता बघता भोवती माणसं जमली. अर्जुनराव शेषरावला घेऊन आले होते. जमादार खुर्चीवर बसला होता. रुक्मिणीबाई नातीला पदराखाली घेऊन पायरीवर बसली, तिच्याजवळ निवृत्ती.

"किंमत सांगण्याआधी एक पाहायचं आहे," वामनराव म्हणाले आणि त्यांनी सिंधूताईंच्या गाडीचं मागचं चाक फिरवून दाखवलं. पलीकडचं चाक उलटं फिरलं. "ही साधी गाडी. आता अर्जुनराव, तुमची उचलू."

"माझी कशाले?"

"जुळ्या आहेत ना? ताडून पाहतो."

नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं आणि बाजार पाहत होता. गाडी उचलली. वामनरावांनी डावं चाक पुढं ढकललं. उजवंही पुढं फिरलं. लोकांना अजून काही कळलं नव्हतं, पण शेषरावची मान खाली गेली.

"माझ्यात पहिल्यापासून असाच आहे," अर्जुनराव म्हणाले.

"पहिल्यापासून असता तर आसावर पट्टी असती. तुमच्या आसावर नाही, आणि बाईंच्या गाडीवर आहे, जिच्यात तो गोळा नाही. पहिल्यापासून असता तर त्याला खास तेल लागतं हे तुम्हाला ठाऊक असतं. पट्टीवर लिहिलंय, पण पट्टी राहिली तिकडं. तुमच्या मिस्त्रीनं साधं तेल भरलं. साध्या तेलात त्या चकत्या चिकटतात, म्हणून तुमची गाडी वळणावर घुरघुरते आणि दचकते. आणि पहिल्यापासून असता, तर मागच्या पावसाळ्यात ही गाडी रुतली नसती. निवृत्ती, रुतली होती का?"

निवृत्तीनं घसा साफ केला. "रुतली होती. माह्याच बैलांनी काढली. दोन खेपा."

"शेषराव," सिंधूताई म्हणाल्या, "गाडी मी तुमच्या भरवशावर सोडली होती."

शेषराव खाली पाहतच बोलला. "अर्जुनराव म्हणाले, बाईशी बोलणं झालं हाय. तिले शहरातच फिराचं राह्यते, मले कापसाले खेड्यात जाचं राह्यते. अदलाबदल कर. मी धंदेवाला मानूस. एका पुर्ज्यानं काय मानूस मरते का, असं वाटलं."

"माणूस मेल्यावर तरी सांगायचं," वामनराव म्हणाले. "पंजाबराव कोठडीत बसलाय, हे तुला ठाऊक होतं."

जमादार खुर्चीवरून उठला होता, पण कोणाच्या अंगावर जावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

अर्जुनराव सावरले. आवाज खाली आणून म्हणाले, "ठीक आहे. चूक झाली. पुर्ज्याची काय किंमत आहे ती सांगा, दुप्पट देतो. याच्यावरून एवढा तमाशा कशाले?"

वामनरावांचा आवाज आता सगळ्या आवारात ऐकू गेला. "काल तुम्ही मला सांगितलं, त्याच दिवशी त्याच चिखलातून माझी गाडी निघाली. पाऊस पडला तेव्हा बाईंची गाडी पलीकडच्या खेड्यात होती. चिखल झाल्यावर ती नाल्यात रुतली. तुमची चाकोरी तिला वळसा घालून गेलीय, आणि बैलांचे खूर त्या चाकोरीवर पडलेत. म्हणजे रुतलेली गाडी तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत. थांबला का नाहीत?"

"चिखलात थांबलो असतो तर मीही रुतलो असतो. अन् आत कोण आहे, मले काय माहीत?"

"मी हात केला होता," रुक्मिणीबाई म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. निवृत्तीनं तिचा हात धरायला हात पुढं केला आणि मग मागं घेतला.

"बारक्या, राहू दे," ती त्याला म्हणाली. "आपला कापूस नाई घेतला तर नाई घेतला." मग अर्जुनरावांकडे वळून: "मी गाडीतून अर्धी बाहेर निघून हात केला. तुमी पाह्यलं. माह्या तोंडाकडं पाह्यलं. अन् काच वर केली. पलीकडं कोरड्यात गाडी उभी करता आली असती. कोकिळा तवा बोलत होती. ती म्हने, आत्या, कोन आलं. मी म्हटलं, कोनी नाई, बाई."

सिंधूताई एकदम म्हणाल्या, "तुम्हाला भीती वाटली. थांबलात तर पंजाबराव परत येऊन विचारेल, आमची रुतली तिथून तुमची कशी निघाली. म्हणून माझ्या गाडीचा गोळा घेऊन तुम्ही माझ्या रोग्याच्या समोरून निघून गेलात."

अर्जुनरावांनी गाडीच्या दाराला हात घातला. पण गाडी जॅकवर होती.

७

पंजाबराव त्याच दिवशी सुटला. अर्जुनराव आणि शेषराव यांच्यावर खटला झाला तो चोरीचा आणि चोरीचा माल बाळगल्याचा. वकिलानं कायदा धुंडाळून सांगितलं की नाल्यातून न थांबता निघून जाणं हा गुन्हा नाही. कोकिळेच्या मरणाचं कलम कुठंच नव्हतं. कोर्टात मुद्देमालाची किंमत विचारली तेव्हा वामनरावांनी जुन्या बाजारात त्या गोळ्याचा जो भाव होता तो सांगितला, कारण शपथेवर खरं सांगायचं होतं. तो आकडा ऐकून अर्जुनरावांचा वकील हसला. वामनराव म्हणाले, "हसू नका. हा भाव डांबरी रस्त्यावरचा आहे. नाल्यातला भाव मला लावता येत नाही, आणि तुम्हालाही येणार नाही." न्यायाधीशांनी हे बोलणं नोंदवून घेतलं नाही. अर्जुनरावांना थोडी शिक्षा झाली, ती अपिलात आणखी कमी झाली. मात्र त्या हंगामात पुष्कळ खेड्यांतला कापूस त्यांच्या जिनिंगकडे गेला नाही. निवृत्तीचा तर नाहीच.

गाडी विकायचं सिंधूताईंनी रद्द केलं. गोळा परत आला. वामनरावांनी अकोल्याहून मिस्त्री आणि खास तेल आणलं, गोळा समोर बसवून घेतला आणि गाडी पंजाबरावच्या दारात उभी करवली. पण गाडी चालवायला पंजाबराव तयार होईना. काचा फोडणारे आता चौकात म्हणत होते की आम्हाला पहिल्यापासून संशय होता. त्यांच्यापैकी एकही त्याच्या दारी आला नाही. तो अंगणात खाटेवर पडून राहायचा. सिंधूताई दोनदा बोलावून गेल्या. तो हात जोडायचा.

एका सकाळी रुक्मिणीबाई नातीला कडेवर घेऊन त्याच्या अंगणात आली. खेड्यापासून चालत आली होती, पाय धुळीनं पांढरे झाले होते. जनकाबाईनं पाणी दिलं. ते पिऊन ती खाटेजवळ उभी राहिली. पंजाबराव उठून बसला, पण त्याला तिच्याकडे पाहवेना.

"पोरीले देवीची लस टोचाची हाय," ती म्हणाली. "डॉक्टरीनबाई म्हने, घिऊन या. मी एवढी चालत आली. आता पाय नाई चालत."

"मावशी, दवाखाना तं इथंच हाय. या गल्लीच्या पल्याड."

"ठाऊक हाय मले. गाडीनं ने."

रुक्मिणीबाईनं पोर त्याच्या मांडीवर ठेवली, पदर खोचला आणि दारात उभ्या असलेल्या वॅगनकडे निघाली. दार उघडून ती पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बसली आणि वाट पाहू लागली.

पंजाबराव पोरीला घेऊन उठला. जनकाबाईनं खुंटीवरची किल्ली काढून त्याच्या हातात दिली.